सुईला कुंकू

"दांडीवर नाणं ठेवता का हो तुम्ही?" पोतनिसांनी विचारलं.

"ठेवतो की," मी म्हणालो. "वीस पैशाचं. ते जुनं, पितळी, कमळाचं. अगदी बरोबर बसतं."

पोतनिसांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. कोल्हापुरातलं त्यांचं दुकान खोलीएवढं. तिन्ही भिंतींना रेकॉर्डी वाजवायची यंत्रं, काही नवी, बरीचशी परदेशातून आलेली जुनी. माझं मशीन मी बरोबर पोत्यात गुंडाळून नेलं होतं. त्याची सुई त्यांनी भिंगाखाली धरली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी एखाद्या लेकराला उपाशी ठेवलंय.

"म्हणजे रेकॉर्डी नांगरल्यात तुम्ही. पेरणी तेवढी राहिली."

मी हसलो, पण चेहरा पडलाच. आता माझी बाजूही ऐका. मी इचलकरंजीचा. घराला लागून शेड, शेडमध्ये आठ माग. डावीकडच्या शेजाऱ्याचे बारा, उजवीकडच्याचे सोळा. दिवसभर खटाखटा, खटाखटा. आमच्याकडं फडताळातली भांडीसुद्धा आपोआप जागा बदलतात. अशा घरात रेकॉर्डवर सुई ठेवली की ती बेडकासारखी उड्या मारणार, मग दांडीच्या टोकावर नाणं ठेवायचं. जड झाली की गप बसते. माझे वडील तेच करत, मीही तेच करत आलो.

"नव्या मशीनला हे चालणार नाही," पोतनीस म्हणाले. "त्याची सुई केसाएवढ्या काडीवर असते. मागचं हे वजन फिरवून दीड ग्रॅम लावायचं आणि विसरून जायचं. नाणं ठेवलंत तर काडी मोडेल."

"ठेवत नाही. देवाशप्पथ."

मग त्यांनी मला दोन मशीनं दाखवली. एकात मोटार थेट तबकडीखाली, दुसऱ्यात मोटार बाजूला आणि तबकडीला रबरी पट्टा. पहिलं दिसायला रुबाबदार होतं, बटणं भरपूर. पण माझा हात दुसऱ्यावरच गेला. आमच्या मागालाही मोटार पट्ट्यानंच जोडलेली असते. पट्टा असला की मोटारीची थरथर पुढं जात नाही, मधेच जिरते, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तबकडी उचलून बघितली, चांगली जड. दांडी फुंकरीनं हलेल एवढी हलकी.

"पारख आहे तुम्हाला," पोतनीस म्हणाले. मी खूश. आठ महिने पानतंबाखू सोडून, सणाचे कपडे टाळून मी या दिवसाची वाट बघितली होती. जुनं मशीन त्यांनाच देऊन नवं घेतलं आणि एस.टी.त मांडीवर ठेवून घरी आणलं.

हे सगळं चाललं होतं शिरगुप्पे मास्तरांसाठी.

मास्तर आमच्या शाळेत गायन शिकवत. मला सूर कधी लागला नाही, पण ऐकायचं कसं ते त्यांनी शिकवलं. "गळा देवानं दिला तर दिला, कान मात्र आपला आपण करायचा," असं म्हणायचे. शाळेत येण्याआधी ते नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. निपाणीकरबाई म्हणून मोठ्या गाणाऱ्या होत्या, त्यांच्या साथीला. बाईंची एक छोटी रेकॉर्ड मुंबईत निघाली, तिच्यात पेटी मास्तरांची. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं आणि गावाला त्याचा अभिमान होता. पण ती रेकॉर्ड मास्तरांनी कधी कोणाला ऐकवली नव्हती.

दर दसऱ्याला मास्तर आमच्याकडं येत. कारण वर्षात तो एकच दिवस असा की इचलकरंजीतले माग झाडून सगळे बंद. गल्लीत इतकी शांतता की शेजारच्या घरातलं फोडणीचं तेल ऐकू यावं. त्या दिवशी आम्ही दोघं दुपारभर रेकॉर्डी ऐकायचो. मी दरवर्षी म्हणायचो, "मास्तर, तुमची रेकॉर्ड आणा की." ते म्हणायचे, "बघू पुढं." मला वाटायचं, माझं मशीन फाटकं, म्हणून आणत नाहीत.

त्या वर्षी मास्तर सत्तरीला आले होते. बायको गेली, एका कानानं कमी ऐकू यायला लागलं, म्हणून मुलीनं त्यांना कायमचं हुबळीला बोलावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. म्हणजे हा शेवटचा दसरा. या माणसानं आपली स्वतःची पेटी एकदा तरी नीट ऐकून जावं, एवढीच माझी इच्छा होती. मी नव्या मशीनचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कशाला उगीच, म्हादू? जुनं बरं आहे की." मी तो त्यांचा संकोच समजलो.

"यंदा रेकॉर्ड आणायचीच," मी म्हणालो. "नाही आणलीत तर मीच तुमच्या ट्रंकेतनं काढून आणतो."

मास्तर म्हणाले, "आणतो. नाहीतरी ते ओझं हुबळीला कशाला न्यायचं?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी मशीन बाहेरच्या खोलीत मांडलं. पाणसळ लावून टेबल सपाट केलं, मागचं वजन दीड ग्रॅमवर आणलं. सुट्टीआधीचं कापड उतरवायची घाई होती म्हणून दोन्हीकडचे शेजारी माग जोरात चालवत होते. एक जुनी रेकॉर्ड लावली, तर सुई उड्या मारायला लागली. मी वैतागलो. काहीतरी करून तिला गप केली, गाणं सुरळीत सुरू झालं, आणि तेवढ्यात वीज गेली. वीज गेली की माग जिथल्या तिथं थांबतात, आडवं सूत नेणारा धोटा कापडाच्या मधेच अडकतो आणि शेकडो सुतं तुटतात. मी तसाच शेडमध्ये पळालो. सूत जोडून परत आलो तेव्हा अंधार पडला होता. मशीनवर धुतलेलं फडकं टाकलं आणि जेवायला बसलो.

दसऱ्याला सकाळी माग पुसून, तेलपाणी करून मी झेंडूच्या माळा आणायला बाजारात गेलो. परत आलो तर शालन, माझी बायको, पूजेचं तबक घेऊन बाहेरच्या खोलीतच उभी. नव्या मशीनला हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. इथवर ठीक होतं. पण मी वाकून बघितलं तर कुंकू सुईलाही लागलेलं! आणि ती केसाएवढी काडी एका बाजूला वाकडी झालेली.

"हे काय केलंस?"

"पूजा केली."

"सुईला कुंकू लावलंस?"

"लावलं की. मागाची पूजा करताना धोट्याच्या टोकाला लावतोच न्हवं? काम जिथं हुतंय तिथं कुंकू लावायचं, असं आत्यांनी शिकवलंय."

आत्या म्हणजे माझी आई. आईचं नाव निघाल्यावर माणूस शांत व्हावा, मी जास्तच भडकलो. "अगं, तो धोटा सागवानाचा असतोय! ही काडी बोटाच्या धक्क्यानं वाकती! आठ महिने पै पै राखली, मास्तर चार वाजता येणार, उद्या ते जाणार आणि तू... तुला काय कळतंय यातलं? अडाणी ती अडाणीच राहिलीस!"

शालननं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग एकदा मशीनकडं बघितलं आणि तोंड मिटलं. तिचा डावा हात पदराखाली होता.

"चुकलं माजं," ती म्हणाली.

बाजारपेठ बंद. पोतनिसांचं दुकान बंद. दुसरी सुई मिळणार कुठं? मी पायरीवर डोकं धरून बसलो. माझा राग दुधासारखा, भसकन वर येतो आणि सगळा ओटा खराब करून मग खाली बसतो. पाऊण तास झाला असेल. शालन बाहेर आली, तिच्या हातात तिचा जुना हूक होता.

हा हूक तिच्या माहेरचा. सुताच्या मोठ्या रुळावरचं, म्हणजे बीमवरचं, एकेक सूत ओढून फणीच्या बारीक फटीतून काढायचं काम असतं, त्याला आमच्याकडं वहिफणी म्हणतात. एका बीमला हजारो सुतं, आणि एक चुकलं तर सगळ्या कापडात रेघ पडते. शालन बारा वर्षांची असल्यापासून वडिलांच्या हाताखाली ते करत होती. आमच्याकडं आल्यावरही कामगार आला नाही की तीच बसायची.

"ती सुई भाईर निघती का?" तिनं विचारलं.

"निघते. का?"

"काढा. पांढऱ्या फडक्यावर ठेवा. आन् बॅटरी धरा."

"अगं, मोडेल."

"मोडलीच हाय की. अजून काय मोडायचंय?"

सुई बसवलेला तो नखाएवढा तुकडा मी ओढून काढला. उंबऱ्यातल्या उजेडात ती मांडी घालून बसली. आधी ओल्या कापसानं कुंकू टिपलं. मग हुकाचं टोक काडीखाली सरकवलं आणि थांबली.

"श्वास सोडू नका हिकडं," ती म्हणाली.

मी तोंड फिरवलं. पुढं काय झालं ते मला नीट दिसलंच नाही, कारण दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिचं मनगट हलत नव्हतं, बोट हलत नव्हतं, आणि तरी काडी हळूहळू सरळ होत होती. मधेच थांबायची, डोळे मिटायची, परत सुरू. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेवटी तिनं हूक बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बघा आता. मला सैपाक हाय."

मी सुई बसवली. जुनी रेकॉर्ड लावली. गाणं आलं, आणि असं आलं की मी उभा होतो तो खाली बसलो. मागं वाजणाऱ्या टाळांचा नाद हवेत विरतो कसा, हे मला त्या दिवशी कळलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. शालन कडाकण्या तळत होती. मी म्हणालो, "वाजतंय." ती म्हणाली, "बरं झालं." तेव्हा माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. नवरेपणाची अकड, दुसरं काय.

मास्तर बरोबर चारला आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली रेकॉर्ड. मशीनकडं त्यांनी नुसती नजर टाकली आणि खुर्चीच्या टोकावर बसले. शालननं कडाकण्या आणि चहा दिला. त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"मशीन झकास बसवलंस हं म्हादू," ते म्हणाले. "ही सगळी बारीक कामं तूच केलीस?"

मी शालनकडं बघितलं.

"ह्यांनीच की," शालन म्हणाली. "आठ म्हैने दुसरं काय सुचलंच नाही त्यांना."

आणि मी गप्प बसलो. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्याच.

रेकॉर्ड वर्तमानपत्रातून निघाली. सत्तावीस वर्षांची, पण ओरखडा नाही. मी सुई टेकवली. आमचा एक नियम होता, सुई उचलली जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. बाईंचा आवाज आला, भरदार आणि जवळ, शेजारच्या खोलीतून यावा तसा. त्यांच्या मागं पेटी. मास्तरांची ऐन भरातली बोटं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी आनंदानं त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी डोळे घट्ट मिटलेले आणि दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या, दात उपटून घ्यायला बसल्यासारख्या.

पहिलं कडवं झालं. पेटीचा तुकडा आला. तो उतरता उतरता मास्तर खुर्चीत एकदम आकसले. मग बाईंनी पुढची ओळ उचलली आणि मास्तरांनी डोळे उघडले. गाणं संपलं. मी सुई उचलली.

"परत लाव," मास्तर म्हणाले.

मी परत लावली. या खेपेला ते पुढं झुकून, चांगला कान मशीनकडं करून ऐकत होते. तीच जागा आली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. शालन दारात उभी होती, ती पुढं आली.

"काय झालं मास्तर?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. "तिथं माझी चूक आहे, पोरी. कोमल निषाद यायला हवा होता, माझं बोट शुद्धावर पडलं. रेकॉर्डिंगला. तेव्हा परत परत घेत नसत, वेळ संपत आलेली. माझं अंग असं गार पडलं की त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. गाणं संपल्यावर मी बाईंच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्याच महिन्यात कंपनी सोडली आणि इथं शाळेत आलो. बाईंनी ही रेकॉर्ड टपालानं पाठवली, बरोबर पत्र. मी पत्र फोडलं नाही, रेकॉर्डही लावली नाही. हॉटेलात रेडिओवर हे गाणं लागलं की मी चहा टाकून उठायचो. लोक म्हणायचे, मास्तर किती विनयी."

म्हणजे मशीन नको, जुनं बरं, ते यासाठी. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. "मास्तर, मला ठाऊक असतं तर तुम्हाला कधी..."

"अरे, ऐक तर. ऐकलंस ना तू आत्ता? माझा शुद्ध निषाद पडला, आणि बाईंनी पुढची ओळ कुठून उचलली? त्याच निषादावरनं! तिथं घट्ट उभ्या राहिल्या आणि तिथनं वरच्या षड्जावर गेल्या. ती जागा चालीत नव्हतीच. माझी चूक त्यांनी जागा करून टाकली. ऐकणाऱ्याला वाटावं, पेटीवाल्यानं मुद्दाम बोलावलंय." त्यांनी टोपीनंच डोळे पुसले. "बाईंनी मला सांभाळून घेतलं रे. त्यांच्या जिवंतपणी साधं आभार म्हणायलाही मी गेलो नाही. पण आज कळलं. न कळता गेलो असतो तर काय केलं असतं मी हुबळीत?"

मग मास्तर स्वच्छ हसले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"चला, सोनं द्या. दसरा आहे आज."

आपट्याची पानं तबकात ठेवली होती. मी मूठभर उचलली, आणि पानांखाली ते दिसलं. वीस पैशाचं पितळी नाणं. कमळाचं. त्याला कुंकू लावलेलं.

एका क्षणात मला आदली संध्याकाळ दिसली. शेजाऱ्यांचे माग, उड्या मारणारी सुई आणि माझा हात. वीस वर्षांच्या सवयीनं खिशात गेलेला, नाणं काढून दांडीवर ठेवणारा. मग वीज गेली, आणि रात्रभर त्या केसाएवढ्या काडीवर ते नाणं तसंच बसून राहिलं. सकाळी फडकं काढलं ते शालननं. वाकडी काडी तिनं बघितली, नाणंही तिनंच उचललं. कुंकू तिनं नंतर लावलं.

मी वर बघितलं. शालन माझ्याकडंच बघत होती आणि मानेनं हळूच 'नको' म्हणत होती.

सकाळपासून मी जितका नालायकपणा केला होता त्यात आणखी भर घालायची माझी हिंमत झाली नाही. "मास्तर," मी म्हणालो, "मघाशी मी खोटं पचवलं. सुई काल मीच मोडली, हे नाणं ठेवून. शिव्या हिला दिल्या. आणि ती सरळ केली तीही हिनंच, फणीच्या हुकानं. मी नुसती बॅटरी धरली होती."

मास्तरांनी नाणं हातात घेतलं, मग शालनकडं बघितलं. आणि सत्तर वर्षांच्या त्या माणसानं आधी माझ्या नाही, तिच्या हातात सोनं ठेवलं आणि तिला हात जोडले. शालन एवढी लाजली की चहाच्या कपबशा घेऊन आत पळाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले. रेकॉर्ड माझ्याकडंच ठेवून गेले, पत्र तेवढं बरोबर नेलं. पंधरा दिवसांनी हुबळीहून कार्ड आलं, 'पत्र फोडलं. बाईंनी पुढच्या रेकॉर्डिंगला बोलावलं होतं.' एवढंच. खाली सही.

याला आता तीस वर्षं झाली. मास्तर नाहीत, आठातले दोन माग उरलेत, सुया मी तीनदा बदलल्या. शालननं सरळ केलेली ती मात्र काड्यापेटीत कापूस घालून ठेवलीय, दसऱ्याला तीच लावतो. त्या दसऱ्याला मास्तर घरी गेल्यावर संध्याकाळी मी तिची माफी मागितली, आणि विचारलं होतं, "अगं, नाणं हातात होतं तुझ्या. माझ्या तोंडावर का नाही फेकलंस?"

ती कढईतलं तेल गाळत होती. वर न बघता म्हणाली, "मास्तर चारला येणार हुते. चूक तुमची हाय म्हनून सांगितलं असतं, तर दिवसभर तुमचा हात थरथरला असता. मग बॅटरी कुनी धरायची?"